काच, खोका आणि मधलं पाच सेंटिमीटर

ताई, नमस्कार.

मला काचेच्या बाटल्या रंगवायचा नाद आहे. मोठ्या बहिणीच्या साठाव्या वाढदिवसाला तीन बाटल्या रंगवल्या. दोन रिकाम्या, फुलं ठेवायला, आणि एकीत घरी केलेलं सुगंधी तेल. प्रत्येक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली, तिन्ही एका खोक्यात बसवल्या, वरून कागद कोंबला आणि खोक्याच्या चारही बाजूंना लाल शाईने ‘काच आहे, जपून’ असं लिहून टपालाने पाठवलं. पोचलं तेव्हा तेलाची बाटली फुटलेली, दुसरीची मान तुटलेली आणि आत ठेवलेलं माझं पत्र तेलात न्हालेलं. बहीण फोनवर म्हणाली, “जाऊ दे गं, एक तर वाचली ना!” ते मला फुटण्यापेक्षा जास्त लागलं.

आता भाचीसाठी चार बाटल्या रंगवून तयार आहेत. एकीत तेच तेल घालायचंय, एकीत तिच्या आवडीचं अत्तर. घरचे म्हणतात, काच टपालाने पाठवायचीच नसते. खरंच तसं असतं, की माझंच काहीतरी चुकलं? चुकलं असेल तर सविस्तर सांगा, रागवा हवं तर.

– एक हिरमुसलेली धाकटी बहीण

*

तुमच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगा आणि विचारा, दुकानाच्या फळीवरची बाटली काय तिथवर चालत आली होती? कारखान्यातून ट्रकमध्ये, ट्रकमधून गोदामात, गोदामातून पुन्हा ट्रकमध्ये असा प्रवास करूनच ती तिथे उभी असते. काच प्रवास करते. फक्त तिला प्रवासाला नीट तयार करून पाठवावं लागतं.

आणि हो, चुकलं तुमचंच. रागवत नाही, कारण जे केलंत ते दहांतली नऊ माणसं करतात. मीही केलेलं आहे.

सगळ्यात आधी त्या लाल शाईबद्दल बोलू, कारण मला वाटतं, घोळ तिथेच झाला. ‘काच आहे, जपून’ असं चारही बाजूंना लिहिलं की आपल्याला वाटतं, अर्धं काम झालं. मग उरलेलं अर्धं काम आपण जरा सैल हाताने करतो. पण पार्सलाचा प्रवास आठवून बघा. ते पट्ट्यावरून सरकतं, उतारावरून घसरत खालच्या पिंजऱ्यात पडतं, त्याच्यावर दुसरं पार्सल पडतं. पिंजरा भरला की गाडीत ढकलला जातो. यातल्या बऱ्याच टप्प्यांवर माणूसच नसतो आणि पट्ट्याला वाचता येत नाही. जिथे माणूस असतो तिथे त्याच्या हातातून तासाला किती खोकी जातात याचा अंदाज करा, म्हणजे त्याच्यावरचा राग जाईल. नाजूक मालासाठी खुणा आहेत. उभ्या दांड्याच्या पेल्याचं चित्र जगभर त्याच अर्थाने ओळखलं जातं आणि जागतिक टपाल संघाच्या नियमांत पांढऱ्यावर लाल पेला छापलेलं लेबलही आहे. जरूर लावा. ज्याला दिसेल तो जपेलही. पण बांधताना मात्र असं समजून बांधा, की खोक्यावर लिहिलेलं एक अक्षरही कोणी वाचणार नाही.

मग खोका पडणार, हे धरूनच चालायचं. किती उंचीवरून? वेष्टनांच्या चाचण्या ठरवणारी ‘इस्टा’ नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या सगळ्यात साध्या चाचणीत साडेनऊ किलोच्या आतला खोका ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकतात. एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि सहाही बाजूंवर एकेकदा. ७६ सेंटिमीटर म्हणजे साधारण टेबलाची उंची. ही काही छळ करण्यासाठी शोधलेली उंची नाही. हातात धरलेलं पार्सल निसटलं तर ते साधारण एवढ्याच उंचीवरून पडतं.

आता जरा गणित सांगते. घाबरू नका, एकच भागाकार आहे. पडलेली बाटली थांबताना तिला किती जोराचा धक्का बसतो, हे दोन गोष्टींवर ठरतं. ती किती उंचीवरून पडली आणि थांबायला तिला किती अंतर मिळालं. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. ७६ सेंटिमीटरवरून पडलेली बाटली पातळ कागदात गुंडाळलेली असेल आणि थांबायला तिला जेमतेम २ मिलिमीटर मिळाले, तर उत्तर येतं ३८०. म्हणजे थांबण्याच्या त्या क्षणी तिच्यावर सरासरी तिच्या वजनाच्या कित्येकशे पट जोर आला. तीच बाटली ४ सेंटिमीटर दबणाऱ्या गादीवर थांबली तर उत्तर १९. पडली तेवढ्याच उंचीवरून, काचही तीच. फरक फक्त थांबायला मिळालेल्या जागेचा. चेंडू झेलताना आपण हात मागे नेतो ते याचसाठी.

म्हणून बाटली आणि खोक्याची भिंत यांच्यामध्ये सगळ्या बाजूंनी पाच सेंटिमीटर मोकळं अंतर हवं आणि त्या अंतरात दबणारी भर हवी. खालीसुद्धा आणि वरसुद्धा. सगळ्या बाजूंनी म्हणजे सहा बाजूंनी. लोक चार बाजू जपतात, वरून कागद कोंबतात आणि बाटलीचा बूड थेट पुठ्ठ्यावर टेकवतात. तुमच्या खोक्यात काय होतं ते मी पाहिलेलं नाही, पण पैज लावायची झाली तर बुडावरच लावीन.

तेलाचीच बाटली का फुटली आणि रिकाम्यांपैकी एक का वाचली, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. मला मात्र तोच पहिला पडला. ७५० मिलीची रिकामी काचेची बाटली साधारण अर्ध्या किलोची असते. भरली की ती सव्वा किलोच्या घरात जाते. खाली येणारं वजन वाढलं, गादी मात्र तेवढीच राहिली. शिवाय भरलेल्या बाटलीत आणखी एक गंमत असते. उभ्या, भरलेल्या बाटलीच्या तोंडावर वरून जोराचा फटका बसला, तर बाटली झटक्याने खाली जाते पण आतला द्रव किंचित मागे राहतो. बुडाशी क्षणभर पोकळी तयार होते, तिच्यात बारीक बुडबुडे येतात आणि पुढच्याच क्षणी ते असे मिटतात, की आतून बुडावर हातोडा बसावा. बूड गोल तुकडा पडल्यासारखा निखळतो. पार्टीतली करामत म्हणून लोक हे हाताच्या तळव्याने करून दाखवतात. (तुम्ही करू नका, हाताला टाके पडतात.) एखादं जड पार्सल वरून आदळलं, तर भरलेल्या बाटलीवर थोडंफार हेच होऊ शकतं. म्हणून तोंडाच्या वरची भर बुडाखालच्या भरीइतकीच महत्त्वाची.

मान तुटलेल्या बाटलीचं वेगळं. मान बारीक, शरीर जाड. गुंडाळलेलं पुडकं वर निमुळतं होतं, तिथे पोकळी राहते आणि शेजारची बाटली नेमकी तिथे येऊन आदळते. आणि दोन काचा एकमेकींना लागणं हे तर सगळ्यात वाईट. काच दाबाला भलतीच मजबूत असते, पण ताणाला कच्ची, आणि तिचा कच्चेपणा असतो पृष्ठभागावरच्या बारीक चरांत. ॲलन ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली काचेवरच प्रयोग करून दाखवलं, की डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगांच्या टोकाशी ताण एकवटतो आणि काच तिथून जाते. काच कापणारा कारागीर तरी काय करतो? एक बारीक ओरखडा ओढतो आणि हलका दाब देतो. प्रवासभर एकमेकींवर घासणाऱ्या दोन बाटल्या आपापसांत हेच काम करत असतात. आज ओरखडा, उद्या धक्का.

तेव्हा तुमच्या चार बाटल्या. पंखा लावून निवांत बसा, कात्री आणि चिकटपट्टी जवळ घ्या, आणि हाताशी एक तास तरी ठेवा.

रंगवलेल्या आहेत म्हणून आधी रंगाचं बघू. रंग हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असं नाही. तुमच्या रंगाच्या डबीवर जेवढे दिवस लिहिलेत तेवढे थांबा, आणि भट्टीत भाजायचा रंग असेल तर भाजूनच पाठवा. बंद गाडीच्या उन्हात ॲक्रिलिक रंग मऊ पडतो आणि त्याला टेकलेल्या बबल रॅपचे गोल ठसे त्यावर कायमचे उमटतात. म्हणून पहिला थर बटर पेपरचा, म्हणजे तो गुळगुळीत, न चिकटणारा कागद. नुसतं वर्तमानपत्र तर काचेला मुळीच लावू नका, शाई उतरते. चिकटपट्टी बाटलीवर थेट लावली तर निघताना रंगही घेऊन निघेल, तीही कागदावरच लावा.

त्यावर बबल रॅप. छोटे बुडबुडे, बुडबुड्यांची बाजू आत. (ह्या बबल रॅपची जन्मकथा मला फार आवडते. १९५७ साली आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शाव्हान या दोघांना भिंतीला लावायचा उठावदार कागद करायचा होता. भिंतीवर तो कोणाला नको होता.) तीन-चार वेढे द्या, पण मानेभोवती वेगळे आणि जास्त, इतके की बाटलीचा आकारच राहू नये. पुडकं खालपासून वरपर्यंत एकाच जाडीचं, लाटण्यासारखं दिसलं पाहिजे. बुडाखाली आणि तोंडावर रॅपची वेगळी घडी ठेवा, नुसतं पिळून बांधू नका. काचेचं बूच असेल तर ते काढून स्वतंत्र गुंडाळा. बाटलीच्या तोंडात बसलेलं काचेचं बूच धक्क्याने पाचरीसारखं आत रुततं आणि मान चिरते.

मग आतला खोका. त्यात पुठ्ठ्याचे खण करा. पट्ट्यांना अर्ध्यापर्यंत चिरा द्यायच्या आणि एकमेकींत अडकवायच्या, म्हणजे अधिक चिन्हासारखी चौकट होते आणि चार बाटल्यांना चार खोल्या मिळतात. नालीदार पुठ्ठ्याला या कामात कमी लेखू नका, त्याचा जन्मच बाटल्यांसाठी आहे. पन्हळी पडलेल्या कागदाचं पहिलं पेटंट १८५६ साली इंग्लंडमध्ये निघालं ते पुरुषांच्या उंच टोप्यांना आतून अस्तर लावायला. पण १८७१ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी तोच कागद बाटल्या आणि काचेच्या वस्तू गुंडाळायला वापरायचं पेटंट घेतलं. त्याला दोन्ही बाजूंनी सपाट कागद चिकटवून आजच्यासारखा पुठ्ठा झाला तो त्यानंतर. तुम्ही वापरला तो खोका म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी नेमका तुमचाच प्रश्न कोणीतरी सोडवला होता.

आतला खोका बंद केल्यावर तो दुसऱ्या खोक्यात. बाहेरचा खोका प्रत्येक मापात निदान दहा सेंटिमीटर मोठा, म्हणजे सहाही बाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर सुटतील. खोक्यात खोका हे काम वाढवणं वाटेल, पण खरी किमया इथेच आहे. बाहेरचा खोका चेपतो, मधली भर दबते, आणि आतला खोका त्या गोंधळात न पडता थांबतो. बाहेरचा खोका नवा घ्या, पाच पदरी असेल तर उत्तम. एकदा वापरलेल्या खोक्याच्या कडा मऊ झालेल्या असतात आणि दमट हवेत पडून राहिलेल्या पुठ्ठ्याची ताकद फार कमी होते. पन्हळ्या उभ्या येतील असा ठेवा, कारण वरचं वजन त्या उभ्या पन्हळ्याच पेलतात.

मधली भर कशाची, यावर माणसं तावातावाने भांडतात. माझं मत असं. चुरगळलेला कागद चालतो, पण तो मुठीएवढे घट्ट गोळे करून, आणि गोळे इतके की झाकण लावताना जरा दाबावं लागेल. सैल चुरगळलेलं वर्तमानपत्र गाडीच्या हादऱ्यांनी बसत जातं. तुम्ही पाठवताना भरलेला असलेला खोका तिथे पोचेपर्यंत अर्धा रिकामा झालेला असतो. थर्माकोलचे सुटे दाणे हलक्या वस्तूला छान, पण जड बाटली त्यांतून वाळूत बुडावी तशी हळूहळू खाली जाते आणि शेवटी बुडाला जाऊन टेकते. आतला खोका असला की हा त्रास बराच कमी. मोठ्या बुडबुड्यांचा रॅप बाजूंना चांगला, पण खाली नुसता तोच नको, वजनाने दबून आधीच चपटा झालेला असतो. खाली फोम किंवा नालीदार पुठ्ठ्याच्या चार-पाच घड्या आणि वर रॅप, असं करा. भर फार मऊ असली की बाटली थेट तळ गाठते, फार कडक असली की धक्का जसाच्या तसा आत पोचवते. तळहाताने जोर देऊन बघा. दबली पाहिजे आणि परत वर आली पाहिजे.

आणि माझी एक आवडती चलाखी. भाचीला दोन टॉवेल किंवा एखादा जाड स्वेटर द्या. तोच भर म्हणून घाला. भेटही झाली आणि कचराही नाही. फक्त तेलाच्या बाटलीजवळ घालू नका.

तेलाकडे येऊ. तुम्ही बाटली काठोकाठ भरली होतीत ना? सगळेच भरतात, प्रेमाने भरतात. पण तेल तापलं की फुगतं. साधारण दर दहा अंशांना पाऊण टक्क्याच्या आसपास. ७५० मिली तेल गार खोलीतून तापलेल्या गाडीत गेलं, तीस अंशांचा फरक पडला, तर ते सुमारे १७ मिलीने वाढतं. त्याला जागा हवी. नसेल तर ते बुचाला बाहेर ढकलतं. पाण्यासारखं काही असेल आणि कडाक्याच्या थंडीत गोठलं, तर आकार नऊ टक्क्यांनी वाढतो, तिथे मग काचच जाते. विमानाने गेलं तर आणखी एक. विमानातला दाब जमिनीवरच्या दाबाच्या पाऊण पटीपर्यंत उतरतो आणि बाटलीतली कोंडलेली हवा बाहेरच्यापेक्षा जोरदार होते. बाटली आडवी असेल तर ती हवा तेलालाच बाहेर ढकलते. म्हणून खांद्यापर्यंतच भरा, मान रिकामी ठेवा आणि बाटली उभीच बसेल असं बांधा. खोक्यावर वर जाणारे बाण काढा, पण ते पाळले जातीलच असं गृहीत धरू नका.

झाकणाखाली प्लास्टिकचा पातळ तुकडा ठेवून झाकण घट्ट फिरवा. वरून चिकटपट्टी, पण झाकण ज्या दिशेने आवळतं त्याच दिशेने. उलट गुंडाळलीत तर पट्टीच झाकण सैल करत राहील. मग ती बाटली घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत टिपायला कागदी नॅपकिनांची घडी किंवा जुना सुती कपडा, आणि ती पिशवी आणखी एका पिशवीत. आता बाटली फुटलीच तरी तेल पिशवीबाहेर येणार नाही, बाकीच्या तीन बाटल्या कोरड्या राहतील, आणि दुसऱ्या कोणाचं पार्सल तेलकट होणार नाही. हे शेवटचं कोणी मनात आणत नाही, पण तुमच्या त्या पहिल्या खोक्याच्या शेजारी काय काय होतं कोणास ठाऊक. भरलेली बाटली एकीकडेच, स्वतःच्या वेगळ्या खोक्यात पाठवता आली तर मी तेच करीन.

फसफसणारं किंवा आंबणारं काही मात्र बाटलीत भरून टपालाने पाठवू नका. त्यातला वायू वाढत जातो आणि बाटली प्रवासातच बॉम्ब होते. यावर चर्चा नको.

अत्तराचंही बहुतेक नाहीच. तेलातलं अत्तर आणि फवाऱ्याचं अत्तर यांत फरक आहे. फवाऱ्याच्या अत्तरात मुख्यतः अल्कोहोल असतं आणि हवाई वाहतुकीत ते ज्वलनशील द्रव म्हणून धोकादायक मालात मोडतं. साध्या पार्सलातून ते पाठवायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते, कुठे ठरावीक मापापर्यंत, ठरावीक पद्धतीने चालतं. खिडकीवर जाऊन आधी विचारा आणि आत काय आहे ते खरं सांगा. ‘शोभेची वस्तू’ असं लिहून सरकवून द्यायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका. सोपा मार्ग असा, की ती चौथी बाटली रिकामीच पाठवा आणि भाचीला सांगा, तुझ्या आवडीचं तूच भर. तेवढंच हलकं.

आता बंद करणं. चिकटपट्टी रुंद, पाच सेंटिमीटरची. मधल्या फटीवरून एक लांब पट्टी आणि दोन्ही टोकांच्या कडांवरून आडव्या दोन, म्हणजे इंग्रजी एच अक्षर होतं. वरही आणि खालीही. खालच्या बाजूला लोक विसरतात आणि तिथूनच बाटल्या बाहेर येतात. सुतळी बांधू नका, पट्ट्यात अडकते. जुनी लेबलं सोला. पत्ता एकाच, सगळ्यात मोठ्या बाजूवर, आणि तोच पत्ता एका कागदावर लिहून आतही टाका. वरचं लेबल फाटलं तर खोका उघडून वाचता येतो.

बंद करायच्या आधी मोबाइलवर चार फोटो काढा, थराथराचे. नुकसान झालं तर भरपाई मागताना पहिला प्रश्न ‘आत बांधलं कसं होतं’ हाच येतो. बाटल्यांमागे तुमचे दिवस गेलेत, तेव्हा विमा मिळत असेल तर घ्या, पण कागदावर लिहिलेल्या अटींमध्ये काच बसते का हे विचारून. पुष्कळदा बसत नाही.

मग खोका दोन्ही हातांत धरून हलवा. कान लावून. आतून जराही आवाज आला, काहीतरी सरकल्यासारखं जाणवलं, तर उघडा आणि पुन्हा भरा. मला माहीत आहे, पट्ट्या लावून झाल्यावर हे जिवावर येतं. आलं तरी उघडा. आणि छातीत धीर असेल तर खरी परीक्षा घ्या. एखादी टाकाऊ बाटली तुमच्याच पद्धतीने बांधा, खोका टेबलाच्या उंचीवरून कोपऱ्यावर टाका. मी पहिल्यांदा टाकला तेव्हा डोळे मिटले होते. बाटली शाबूत होती आणि त्या दिवसापासून माझी टपालावरची तक्रार निम्म्याने कमी झाली.

एक राहिलं, आणि ते कुठल्याच सूचनेत लिहिलेलं नसतं. मी एकदा मैत्रिणीला निळ्या काचेची जुनी बाटली पाठवली. वर लिहिलंय ते सगळं केलं होतं. बाटली पोचली, धक्का नाही, ओरखडा नाही. मैत्रिणीने उत्साहाने स्वयंपाकघरातली सुरी घेतली, खोका उलटा धरून वरच्या पट्टीऐवजी खालची कापली, आणि भर धरून ओढली. सगळं पुडकं फरशीवर. इतका प्रवास सुखरूप करून बाटली शेवटच्या अर्ध्या मीटरला गेली. ती बिचारी इतकी रडली, की तिची समजूत काढता काढता मलाच माझी बाटली आठवायला वेळ मिळाला नाही.

तेव्हापासून मी खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘इथून उघडा’ असं लिहिते आणि पट्टीचं टोक दुमडून ठेवते, म्हणजे सुरी लागतच नाही. प्रत्येक पुडक्यावर बाटलीचा बूड कुठे आणि तोंड कुठे ते लिहिते. आत किती पुडकी आहेत तेही झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिते, नाहीतर बूच किंवा लहान बाटली भरीबरोबर केराच्या टोपलीत जाते. तुम्हीही भाचीला आधीच कळवा, की खोका जमिनीवर ठेवून उघड, आधी भर काढ, मग बाटल्या एकेक करून उचल. आणि खोका ओला लागला किंवा आतून किणकिण ऐकू आली, तर हातमोजे घातल्याशिवाय आत हात घालू नको, उघडायच्या आधी फोटो काढ.

हे सगळं एका पत्रात लिहून टाका. बहिणीला गेलेलं ते तेलात न्हालेलं पत्रही पुन्हा लिहा. दोन्ही पत्रं बाटल्यांच्या खोक्यात घालू नका, वेगळ्या पाकिटांतून दोन दिवस आधी पाठवा.